नवा लॅपटॉप : कार्यालयीन मांडणी आणि जोडसाधने

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा जिल्हा परिषदेची शाळा, दैनंदिन कामकाजातील नोंदींचा मोठा भाग आता संगणकावर होतो. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा व जमाखर्च २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर नोंदविला जातो. शाळेची आणि विद्यार्थ्यांची माहिती यूडायस प्लस या प्रणालीत भरली जाते. याखेरीज सभेचे इतिवृत्त, कर आकारणीच्या याद्या, पत्रव्यवहार, निकालपत्रके आणि दाखल्यांचे मसुदे कार्यालयातील यंत्रातच साठविले जातात. पूर्वी हे दप्तर रुमालात बांधून कपाटात ठेवले जात असे. आज त्या कपाटाचे काम बऱ्याच अंशी लॅपटॉपने स्वीकारले आहे.

रुमालातील दप्तर कोणालाही उघडून वाचता येई. लॅपटॉपमधील दप्तराची गोष्ट वेगळी आहे. पासवर्ड एकाच व्यक्तीला ठाऊक असेल, मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नसेल किंवा साठवणीचा भाग एकाएकी निकामी झाला, तर अनेक वर्षांच्या नोंदी क्षणात हाताबाहेर जातात. म्हणून नव्या लॅपटॉपची मांडणी करताना एकच कसोटी डोळ्यांपुढे ठेवावी : कर्मचारी बदलला अथवा यंत्र बिघडले, तरी गावाची वा शाळेची नोंद शाबूत राहिली पाहिजे. पुढील सर्व सूचना या कसोटीस धरून आहेत.

खरेदी आणि पहिली नोंद

शासकीय कार्यालयांची खरेदी बहुतांशी २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम या शासकीय ई-बाजारपेठेतून होते. मागणी नोंदविताना किमतीबरोबर आणखी काही बाबी पाहणे आवश्यक आहे. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते आणि संकेतस्थळांवरील कामासाठी ८ जीबी स्मृती ही किमान मर्यादा समजावी. यंत्र पाच-सहा वर्षे चालवावयाचे असल्यास १६ जीबी घेणे हिताचे ठरते. साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी. तिच्यात हलणारे भाग नसल्याने ती वेगाने काम करते आणि प्रवासातील धक्क्यांना अधिक दाद देत नाही. स्मृती व साठवण नंतर वाढविता येते किंवा कसे, हेही विचारून घ्यावे. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये स्मृती मुख्य फलकावरच कायमची जोडलेली असते.

हमीचा प्रकार तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. कार्यालयात येऊन दुरुस्ती करून देण्याची हमी आणि यंत्र सेवाकेंद्रात नेऊन देण्याची हमी यांत मोठा फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात यंत्राबरोबर त्यातील माहितीही काही दिवस बाहेर जाते. लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर ही दोन्ही साधने भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. त्यामुळे त्यांवरील मानक चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

खोका उघडताच यंत्रावरील अनुक्रमांक खोक्यावरील व देयकावरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद करावी. अडॅप्टर, माऊस, पिशवी आणि बाहेरील हार्ड डिस्क यांचीही स्वतंत्र नोंद असावी. या वस्तू लहान असल्याने त्याच प्रथम गहाळ होतात. देयकाची एक प्रत हमीच्या कागदांसह धारिकेत ठेवावी.

जागा, वीज आणि उष्णता

लॅपटॉपचे बरेच आजार विजेतून आणि उष्णतेतून उद्भवतात. बहुतेक अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे गावातील कमी दाबाची वीज ते बऱ्याच प्रमाणात सहन करतात. खरा धोका असतो तो वीज परत येताना किंवा आकाशात विजा चमकताना येणाऱ्या क्षणिक उच्च दाबाचा. यासाठी उच्च दाब रोखणारी सर्ज प्रोटेक्टरची पट्टी वापरावी. मात्र भिंतीतील तीन छिद्रांच्या सॉकेटला भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, प्रत्यक्ष जोडलेले नसेल तर अशी पट्टी आपले काम पूर्णपणे करू शकत नाही. इमारत जुनी असल्यास तारतंत्रीकडून ही तपासणी प्रथम करून घ्यावी. विजांचा कडकडाट सुरू झाला की अडॅप्टरबरोबर इंटरनेटची तारही काढून ठेवावी.

लॅपटॉपमध्ये स्वतःची बॅटरी असल्यामुळे त्यास वेगळा यूपीएस लागत नाही. वीज गेल्यावर बंद पडतो तो इंटरनेटचा राउटर. तेव्हा लहान यूपीएस राउटरसाठी घ्यावा. लेझर छपाईयंत्र मात्र लहान यूपीएसवर कधीही जोडू नये. ते तापताना क्षणभर फार मोठा विद्युतप्रवाह ओढते आणि यूपीएस बंद पडतो.

विदर्भ आणि खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि प्रसंगी त्याही पुढे जाते. पुष्कळ उत्पादक मात्र ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात यंत्र वापरावे, असे सुचवितात. अशा ठिकाणी लॅपटॉप खिडकीच्या उन्हात, गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवू नये. तळाकडील हवेची छिद्रे मोकळी राहतील असा साधा धातूचा स्टँड पुरेसा होतो. कोकणातील पावसाळी दमटपणात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद पेटीत ठेवण्यापेक्षा अधूनमधून काही वेळ चालविणे श्रेयस्कर होय.

दिवसभर विजेला जोडून वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहते आणि उष्णतेने लवकर झिजते. अनेक उत्पादक ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय देतात. ती सुरू करून ठेवावी. शाळेला दीर्घ सुट्टी लागण्यापूर्वी बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवून यंत्र बंद करावे व थंड, कोरड्या जागी ठेवावे.

पहिल्या प्रारंभी : खाते कोणाच्या नावे?

मांडणीतील सर्वांत निर्णायक पायरी ही आहे आणि घाईत तिच्याकडेच दुर्लक्ष होते. नवा लॅपटॉप प्रथम सुरू करताना तो एक ई-मेल खाते मागतो. समोर बसलेला कर्मचारी सहजपणे स्वतःचे वैयक्तिक खाते देतो आणि काम सुरू होते. पुढे त्याची बदली होते. यंत्र कार्यालयात राहते, पण त्याची चावी कर्मचाऱ्याबरोबर निघून जाते.

ही चावी केवळ पासवर्डापुरती मर्यादित नाही. विंडोज ११ वर चालणाऱ्या अनेक नव्या यंत्रांत खाते जोडताच संपूर्ण साठवण कूटरूपात ठेवण्याची व्यवस्था आपोआप सुरू होते. यंत्र चोरीस गेले तरी माहिती इतरांच्या हाती लागू नये, हा तिचा हेतू असून तो योग्यच आहे. या व्यवस्थेची ४८ अंकी पुनर्प्राप्ती चावी त्या खात्यात साठविली जाते. पुढे कधी मुख्य फलक बदलावा लागला, तर यंत्र हेच ४८ अंक मागते. ते मिळाले नाहीत, तर साठवण धडधाकट असूनही तीतील अक्षरही वाचता येत नाही.

म्हणून पुढील क्रम पाळावा. यंत्र सुरू करण्यापूर्वी कार्यालयाच्या नावाचा अधिकृत ई-मेल पत्ता तयार असावा आणि व्यवस्थापक खाते त्या पत्त्यावर उघडावे. पुनर्प्राप्ती चावी छापून घ्यावी, तीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहावा आणि ती मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखांच्या ताब्यातील कपाटात ठेवावी. त्यानंतर दैनंदिन कामासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडावे. अशा खात्यातून नवे कार्यक्रम सहजासहजी बसविता येत नाहीत; त्यामुळे अनवधानाने होणारे बरेच नुकसान टळते. कर्मचारी बदलल्यास त्याचे खाते बंद करून नव्याचे उघडावे. मूळ नोंदी जागेवरच राहतात.

याच दिवशी सर्व अद्ययावत सुधारणा बसवून घ्याव्यात. त्यांचे महत्त्व २०१७ च्या घटनेवरून स्पष्ट होते. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने जगभरातील लक्षावधी संगणकांवरील माहिती कुलूपबंद केली. तो ज्या त्रुटीतून आत शिरला, तिच्यावरील सुधारणा मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली होती, त्यांची यंत्रे त्या मार्गाने येणाऱ्या हल्ल्यापासून सुरक्षित राहिली. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे जुनी यंत्रे वापरणाऱ्या कार्यालयांनी ध्यानात घ्यावे.

मराठीची सोय

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे. नव्या लॅपटॉपवर मराठीची सोय पहिल्याच दिवशी झाली पाहिजे. ती युनिकोडमध्येच असावी, हा आग्रह का धरावयाचा ते समजून घेणे आवश्यक आहे.

जुन्या काळी वापरात असलेल्या अनेक फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. पडद्यावर ‘ग्रामसभा’ दिसत असले, तरी यंत्राच्या लेखी ती काही रोमन चिन्हांची रांग असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की निरर्थक चिन्हे उमटत. १९९१ पासून युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठी म्हणूनच उघडतो आणि मुख्य म्हणजे त्यात शोध घेता येतो. एखाद्या नागरिकास पंधरा वर्षांपूर्वीच्या ठरावातील आपल्या नावाचा उल्लेख हवा असेल, तर शंभर इतिवृत्तांतून तो क्षणार्धात सापडतो. जुन्या फाँटमधील मजकूर रूपांतरित करून ठेवण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

विंडोजमध्ये भाषेच्या व्यवस्थेतून मराठी निवडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. त्याचा आराखडा केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केला. भारतीय भाषांच्या संगणकीकरणात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे कार्यही सर्वश्रुत आहे. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘के’ या कळीवर क आणि शिफ्टसह ख, ‘एन’ या कळीवर ल आणि शिफ्टसह ळ, अशी जोडणी आहे. जोडाक्षरासाठी ‘डी’ या कळीवरील हलन्त वापरावयाचा असतो. ‘ग्राम’ हा शब्द ग, हलन्त, र, काना, म अशा पाच आघातांत उमटतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अर्थभेद राखण्यासाठी दुसऱ्या शब्दात शिफ्टसह ‘जे’ या कळीवरील ऱ घेऊन पुढे हलन्त व य द्यावा. रोमन आणि मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबावेत. रोमन उच्चारानुसार टंकन करण्याची सोयही उपलब्ध आहे. मात्र नियमित टंकन करणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावा. आराखडा सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना समान असल्याने ही विद्या वाया जात नाही.

हिशेबाच्या तक्त्यांबाबत एक दक्षता घ्यावी. देवनागरी अंक टंकित केल्यास तक्त्याचा कार्यक्रम त्यांना अनेकदा संख्या न मानता मजकूर मानतो आणि बेरजेतून ते गळतात. करवसुलीच्या यादीत अशी चूक नजरेस न येता राहू शकते. म्हणून एका लहान तक्त्याची बेरीज हाताने पडताळून मगच पद्धत निश्चित करावी.

जोडसाधने : गरजेपुरती, पण नेमकी

बाजारात जोडसाधनांची रेलचेल आहे. कार्यालयाने त्यांची निवड कामावरून करावी. रोज काही तास टंकन करणाऱ्यासाठी वेगळा कळफलक व माऊस घ्यावा आणि लॅपटॉप स्टँडवर इतका उंच ठेवावा की पडद्याची वरची कड नजरेच्या पातळीस येईल. मानेचा व मनगटाचा ताण त्यामुळे कमी होतो. कळफलकावर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्यास नवशिक्यास साहाय्य होते. शाळेत प्रोजेक्टर किंवा मोठा पडदा जोडावयाचा असल्यास एचडीएमआय तार आणि नव्या सडपातळ यंत्रांसाठी आवश्यक तो जोड आधीच तपासून घ्यावा. वर्ग भरल्यानंतर जोड जुळत नाही असे आढळल्यास तासिका वाया जाते. जुने कागद जतन करण्यासाठी सपाट काचेचा स्कॅनर उपयुक्त ठरतो, कारण जीर्ण कागद त्यात ओढला जात नाही.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन हे दिसावयास पेनड्राइव्हसारखे असले, तरी ते जोडसाधन न समजता स्वाक्षरीच समजावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये त्या स्वाक्षरीस कायद्याचे अधिष्ठान आहे. ई-ग्रामस्वराजवरील प्रदाने या स्वाक्षऱ्यांनी मंजूर होतात आणि त्यासाठी दोन स्वतंत्र व्यक्तींच्या मंजुरीची पद्धत ठेवलेली आहे. दोन्ही टोकने एकाच खणात आणि दोन्ही पिन एकाच चिठ्ठीवर असतील, तर त्या पद्धतीला काहीच अर्थ उरत नाही. सरपंचांचे टोकन सरपंचांपाशीच असावे. कोरा धनादेश सही करून ठेवणे जितके धोक्याचे, तितकेच टोकन व पिन दुसऱ्यास देणे धोक्याचे आहे.

नोंदींच्या प्रती

जोडसाधनांपैकी एकच वस्तू घेणे शक्य असेल, तर ती बाहेरील हार्ड डिस्क असावी. प्रतींचा जगन्मान्य नियम सोपा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपमधील मूळ, बाहेरील डिस्कवरील दुसरी आणि अधिकृत खात्याच्या इंटरनेट साठवणीतील तिसरी, अशी त्याची सोपी रचना होऊ शकते. इंटरनेट मंद असल्यास तिसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन अन्य शासकीय कार्यालयात कुलपात ठेवावी.

दुसऱ्या ठिकाणाचा आग्रह पुस्तकी नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात आणि जुलै २०२१ मध्ये कोकणात महापूर आला. पाणी इमारतीत शिरते तेव्हा टेबलावरील लॅपटॉप आणि शेजारच्या कपाटातील डिस्क एकाच वेळी भिजतात.

डिस्क सतत लॅपटॉपला जोडून ठेवू नये. खंडणीखोर कार्यक्रम जोडलेल्या डिस्कवरील माहितीही कुलूपबंद करतो. आठवड्यातील एक वार ठरवून प्रत घ्यावी, वहीत तारीख व सही करावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. तीन महिन्यांतून एकदा प्रतीतील काही नोंदी दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. नोंदींची नावेही पद्धतशीर असावीत. वर्ष, महिना व दिवस प्रथम आणि विषय नंतर लिहिल्यास त्या आपोआप कालानुक्रमे लागतात. ‘नवीन’, ‘शेवटचे’ यांसारखी नावे नव्या कर्मचाऱ्यास काहीच सांगत नाहीत.

दक्षता, हस्तांतरण आणि निरोप

कार्यालयातील याद्यांत नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि विद्यार्थ्यांची माहिती असते. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या कायद्याने अशा माहितीच्या जपणुकीची जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. कोणाचाही पेनड्राइव्ह तपासणी न करता यंत्रास लावू नये, चोरटे कार्यक्रम बसवू नयेत आणि दूरध्वनीवरून यंत्राचा ताबा मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीस तो देऊ नये. आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत लॅपटॉपचा उल्लेख केवळ ‘एक नग’ असा करू नये. यंत्र व जोडसाधने, व्यवस्थापक खाते, पुनर्प्राप्ती चावीचे पाकीट, प्रतींच्या डिस्क आणि शेवटची प्रत घेतल्याची तारीख या पाचही बाबी देणाऱ्याने दाखवाव्यात व घेणाऱ्याने स्वतः उघडून पाहाव्यात. त्यानंतर पासवर्ड बदलावेत. मासिक सभेपुढे वर्षातून एकदा या यादीचे वाचन झाल्यास सदस्यांनाही आपल्या दप्तराची स्थिती समजेल.

यंत्राचे आयुष्य संपल्यावरही जबाबदारी संपत नाही. नोंद पुसण्याची कळ दाबल्याने माहिती खऱ्या अर्थाने नष्ट होत नाही. ती परत मिळविता येते. म्हणून साठवण पूर्णपणे पुसून, निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करून, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावे. भंगारवाल्यास विकलेल्या लॅपटॉपबरोबर गावाची यादीही विकली जाण्याचा धोका असतो.

वरील सर्व मांडणीस जाणकार मार्गदर्शकासह एक दिवस पुरतो. त्यानंतर आठवड्यास अर्धा तास आणि बदलीच्या वेळी एक तास एवढाच वेळ द्यावा लागतो. जन्माची नोंद, घराचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला यांसाठी नागरिक वीस वर्षांनीही कार्यालयाच्या दारी येतो. त्या दिवशी आजचा लॅपटॉप अस्तित्वात नसेल आणि आजचा कर्मचारीही तेथे नसेल. नोंद मात्र मिळाली पाहिजे. त्याची तयारी नवा लॅपटॉप कार्यालयात येतो त्याच दिवशी करावयाची असते.